वर दिलेली वही

दामू,

तुझी अर्धी राहिलेली फेरी मी पुरी केली. दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला जमलं नाही, कारण नागोठण्याच्या अलीकडे जिथे तू गाडी कडेला घेतलीस, तिथे माझाही पाय ब्रेकवर गेला. वीस मिनिटं सलग चालवायची असते, मध्ये थांबलं की पुन्हा पहिल्यापासून, हे मला कोणी सांगायला नको होतं. ते वाक्य माझंच आहे.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. रोह्याजवळच्या अष्टमी गावात, तुझ्या घरी माणसं येत होती, बसत होती, आणि प्रत्येक जण तेच म्हणत होता. अ‍ॅटॅक. कोणाच्या हातात नसतं. बरं झालं गाडी कडेला घेता आली, नाहीतर आणखी कोणाचा जीव गेला असता. मीही मान हलवत होतो. चहाचे कप आत नेत होतो, खुर्च्या मांडत होतो, तुझ्या लांबच्या नातेवाइकांना पुलापर्यंत सोडून येत होतो. काहीतरी करत राहिलं की बोलावं लागत नाही. पण तू त्या दुपारी त्या रस्त्यावर का होतास, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. म्हणून आता तुला लिहितो आहे.

आपण पेणच्या शाळेत एका बाकावर आलो ते उंचीमुळे. दोघंही बुटके, म्हणून पहिल्या बाकावर. माझे वडील त्याच शाळेत मास्तर, तुझे मिठागरावर. आमच्या जमिनी केव्हाच गेल्या होत्या, पण जमिनी असल्यासारखं बोलणं घरात शिल्लक होतं. तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा आईने तुला ओटीवरच पाणी दिलं. ते पिऊन तू अंगणात बंद पडलेल्या वडिलांच्या स्कूटरपाशी गेलास, वाकून बघितलंस आणि म्हणालास, ‘काकी, हिच्या प्लगला खार चढलाय.’ मिठागराच्या बांधावरून सायकल हाणणाऱ्या पोराला खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं हे वेगळं शिकायला लागलं नव्हतं. वडिलांनी हसत तुला प्लग काढू दिला. स्कूटर चालू झाली. त्यानंतर तू आमच्या घरात आतपर्यंत येऊ लागलास.

नववीत माझ्या विज्ञानाच्या वहीतली इंजिनाची आकृती बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवली. ती तू काढली होतीस. मी उभा राहून शाबासकी घेतली आणि तू शेजारी बसून टाळ्या वाजवल्यास. घरी जाताना तू एवढंच म्हणालास, ‘पिस्टन जरा तिरका झालाय. पुढच्या येळंला सरळ काढीन.’ ही गोष्ट मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो, तू आयटीआयला. मी पुण्याजवळच्या मोटारींच्या कंपनीत लागलो आणि तू अष्टमीला, कुंडलिका नदीच्या पुलाच्या अलीकडे, गॅरेज टाकलंस. सुगंधा वहिनी आल्या. आपल्यात उरला तो रविवारचा फोन, आणि वर्षातून तीन-चार भेटी. फोनवर तुझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. ‘काय रं इंजिनिअर, हवा साफ झाली काय?’

कारण माझं काम धुराचं. गाडीच्या नळीतून कमीत कमी घाण बाहेर पडावी म्हणून जो विभाग असतो, त्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मला ते काम खरंच आवडतं, दामू. मी घरी मुलीला सांगायचो की तुझा बाबा हवा धुतो. आणि विभागात मराठी बरं असलेला मीच, म्हणून गाडीबरोबर मिळणारी मराठी पुस्तिका तपासायला माझ्याकडे यायची. त्यातलं एक वाक्य मी स्वतः लिहिलं. नव्या डिझेल गाडीत धुराची काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. तू त्याला जाळी म्हणायचास. गाडी लांब पल्ल्यावर धावली की तो तापतो आणि त्यातली काजळी जळून जाते. गाडी रोज चार-पाच किलोमीटर जाऊन थांबली, तर तो तापतच नाही, काजळी साचत राहते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तेव्हा काय करायचं, त्याचं ते वाक्य. ‘दिवा लागल्यास वाहन ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने वीस मिनिटे सलग चालवावे.’

आमच्याकडे गाडीची परीक्षा रोलरवर होते. गाडी जागच्या जागी धावते. तिथे रस्ता संपत नाही, म्हैस आडवी येत नाही, डायव्हर्जन नसतं. त्या खोलीत बसून लिहिताना ते वाक्य मला अगदी सोपं वाटलं होतं.

तू ते वाचून फोन केलास. ‘वीस मिनिटं सलग? आरं, गाडीबरोबर रस्ता पण कंपनीच देणार काय?’

मी हसलो. तू हसत नव्हतास, हे मला उशिरा कळलं.

तुझ्याकडे येणारी निम्मी माणसं धाटावच्या कारखान्यांतली. आधी बसने किंवा मोटारसायकलवर शिफ्टला जाणारी, आता घरात पहिली चारचाकी आलेली. वरशाहून धाटाव, धाटावहून वरसे. शोरूममध्ये त्यांना मोठी, उंच, डिझेलची गाडी दाखवली गेली आणि त्यांनी ती घेतली. रोज किती लांब जाता, हे त्यांना कोणी विचारलं नाही. दोन-तीन महिन्यांत दिवा लागायचा. मग कोणीतरी सांगायचं, ती जाळीच कापून टाक, कटकट नको. कापून देणारेही होते. आणि जाळी कापलेली गाडी जुन्या टेम्पोसारखा धूर सोडते. म्हणजे मी पुण्यात बसून जी हवा धुतली, ती रोह्यात येईपर्यंत पुन्हा मळत होती.

तू मात्र कापली नाहीस. एकदा मी गॅरेजमध्ये बसलो असताना एक जण तुला म्हणाला, ‘दामूशेठ, बाकी सगळे देतात कापून. तूच काय तो सोवळा राहिलास.’

‘सोवळा नाय,’ तू म्हणालास. ‘दिवसभर नळीच्या तोंडाशी नाक माझंच असतं.’

मग किल्ली घेऊन तू स्वतः निघायचास. ह्याला तुझा शब्द होता, उनाडवणं. ‘बसा जरा, हिला उनाडवून आणतो.’ अष्टमीहून पूल ओलांडायचा, रोह्यातून धाटाववरून कोलाडला जायचं, तिथे हायवेला लागायचं, नागोठण्यापर्यंत गाडी पळवायची आणि खिंडीतून परत अष्टमीला. मोठं वर्तुळ. पन्नासेक किलोमीटर रिकामी गाडी, मागच्या सीटवर कोणी नाही, कुठे जायचं नाही. काजळी जाळायला डिझेल जाळायचं. तू मला विचारलंस, ‘तुमच्या कागदावर ह्या डिझेलचा धूर धरतात काय रं?’

नाही, दामू. धरत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आपण पेणला भेटलो, नेहमीच्या कारखान्यात. तुमचा आणि आमचा गणपती तिथलाच. मूर्ती अजून ओल्या होत्या, डोळे उघडायचे राहिले होते. तू पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक शंभर पानी वही काढलीस आणि मूर्तींच्या रांगेत, दोन्ही हातांनी, माझ्या हातात दिलीस. दोन्ही हातांनी दिलीस हे मला आता आठवतं.

आत गाड्यांची नोंद होती. कुठली गाडी, कोणाची, रोज कुठून कुठे जाते, दिवा किती दिवसांनी लागला, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती. कडेकडेने तुझी मतं. दिव्याचं चित्र कोणाला कळत नाय, तिथं अक्षरात लिहा. गाडी उभी असताना काजळी जाळायचं बटण गिऱ्हाइकाच्या हातात द्या. जाळी धुवायला उघडता यावी, अख्खी फेकायला लावू नका. आमच्या हवेत गाडीचं पोट आधी गंजतं, तिथं चांगला पत्रा घाला, गाडी पाच वर्षं जास्त टिकंल, तेवढी एक नवीन बनवायची वाचंल. आणि पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, दोन वेळा गिरवलेलं: ‘गाडी विकताना एकच विचारा. रोज कुठं जाता?’

मी ते वाक्य वाचून थांबलो होतो. आमच्या विभागात मोठमोठे तक्ते होतात, बाहेरून सल्लागार येतात, पण हा प्रश्न मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

‘वर दे,’ तू म्हणालास. ‘मराठीत हाय. चालंल ना?’

‘मी इंग्रजीत करून देतो,’ मी म्हणालो.

‘नाव माझं नको टाकू. त्यांना काय, मेकॅनिक म्हटल्यावर.’

‘टाकणार,’ मी म्हणालो. त्या क्षणी मी खरं बोलत होतो. एवढा तरी विश्वास ठेव.

आता जे सांगायचं आहे ते कधीपासून सांगायचं राहिलं आहे.

गणपती झाल्यावर मी वही बॅगेत घालून ऑफिसला नेली. टेबलावर ठेवली. शेजारच्या सहकाऱ्याने ती उचलली. कव्हरवर ग्रीसचा अंगठा होता, आत निळ्या पेनाची तुझी अक्षरं. तो म्हणाला, ‘हे काय, किराण्याची वही?’ आणि मी हसलो. म्हणालो, ‘गावाकडचं काहीतरी आहे.’ वही त्याच्या हातातून घेऊन बॅगेत टाकली.

एवढंच झालं. कोणी मला अडवलं नाही, धमकावलं नाही. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. नव्या मॉडेलमध्ये तोच फिल्टर होता, त्याचं सगळं ठरून गेलं होतं. आमच्या विभागाचं त्याच आठवड्यात कौतुक झालं होतं. वहीत जे लिहिलं होतं ते खरं असेल, तर माझ्या वाक्यापासून सगळंच पुन्हा तपासावं लागलं असतं. ही कारणं खोटी नाहीत. पण खरं कारण त्यांच्या आधीचं आहे. मला तुझ्या वहीची लाज वाटली. ओटीवर पाणी देणारं ते घर माझ्यात अजून होतं, दामू, आणि मला वाटत होतं की ते कधीच पडलं.

घरी नेली तर बायको विचारेल, म्हणून वही मी माझ्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवली. नंतर बघू.

रविवारी तुझा फोन आला. ‘वर दिलंस?’

‘दिलंय,’ मी म्हणालो.

‘काय म्हणाले?’

‘बघतायत.’

‘वर’ हा फार सोयीचा शब्द आहे. वर दिलंय, वरून आलं नाही, वर अडकलंय. एकदा ‘वर’ म्हटलं की खालच्या माणसाने पुढे काय विचारायचं? तू मात्र विचारत राहिलास. दर दोन-तीन रविवारी. आवाजात तगादा नसायचा. जेवलास का, असं विचारावं तसं. ‘ते वर दिलेलं, काय झालं काय?’ आणि मी म्हणायचो, वर वेळ लागतो रे.

मध्ये आपण भांडलोही. गेल्या थंडीत तुझ्या सासुरवाडीच्या शेतात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात शिजत होत्या, संध्याकाळ होत होती, आणि मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो की आता डिझेलचं दुखणंच संपणार, आम्ही इलेक्ट्रिक गाडी काढतोय, धूरच नाही.

‘किती जड हाय?’ तू विचारलंस.

मी सांगितलं.

‘धाटावला जायला? डबा खायला जाणाऱ्या माणसाला एवढी बॅटरी? लहान काढा की. आमच्या माणसाला रोज लागतं किती? जड गाडीचा टायर झिजतो, तो कुठं जातो? कुंडलिकेतच जातो ना पावसात.’ मग विचारलंस, ‘बॅटरीचा डबा उघडता येतो?’

‘नाही. सील असतो. सुरक्षिततेसाठी.’

‘आत एक भाग गेला तर?’

‘अख्खा बदलायचा.’

तू मडक्याकडे बघत राहिलास. ‘म्हणजे जाळीचंच परत. तुम्ही वस्तू चांगली करता रं इंजिनिअर, पण बंद करून देता. बंद वस्तू खराब झाली की माणूस ती फोडतो, नायतर फेकतो. तिसरं काय करंल?’

मी चिडलो. म्हणालो, प्रत्येक गोष्ट गॅरेजच्या नजरेने बघू नये. वहिनी मध्ये पडल्या, ‘शेंगा खा दोघं, गार होतील.’ तू पहिली शेंग सोलून माझ्यापुढे धरलीस. मी ती घेतली, पण तुझं बरोबर आहे असं म्हणालो नाही. तुझं बरोबर होतं. एवढं साधं वाक्य होतं ते, शेंग खाता खाता म्हणता आलं असतं.

तू गेलास त्या दिवशी सकाळपासून तुझ्या छातीत जळजळत होतं, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, आज राहू द्या. तू म्हणालास, पाटीलसाहेबांना दुसऱ्या पाळीला जायचंय, दिवा लागलाय, आलो उनाडवून की झोपतो. पाटीलसाहेब म्हणजे वरशाचे, धाटावला सुपरवायझर. गाडी आमच्या कंपनीची.

कोलाडपर्यंत तू नीट गेलास. हायवेला लागलास. आणि नागोठण्याच्या अलीकडे तुला काय झालं ते तुलाच माहीत. एका टेम्पोवाल्याने पाहिलं तेव्हा गाडी कडेला होती. हँडब्रेक ओढलेला, दोन्ही इंडिकेटर लागलेले, इंजिन चालू. तू स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं. मी ती जागा पाहिली. डांबरावर टायरचा ओरखडासुद्धा नाही, इतक्या हळू तू गाडी थांबवलीस. लोकाची गाडी म्हणून.

पोलिसांनी गाडी सोडली ती कोणीतरी आणून तुझ्या गॅरेजसमोर उभी केली. पाटीलसाहेब घ्यायला येत नव्हते. निरोप यायचा, घाई नाय. त्यांनाही त्या सीटवर बसवत नसावं. तेराव्यानंतर वहिनी मला म्हणाल्या, ‘भावोजी, ती गाडी तेवढी नेऊन द्या. दारात बघवत नाय.’

मी बसलो. सीट तुझ्या मापाने पुढे घेतलेली होती. मलाही ती बरोबर बसली. पहिल्या बाकावरचे दोघं. किल्ली फिरवली आणि तो पिवळा दिवा लागला. तुझं काम राहिलेलं होतं.

वरसे तिथून किती लांब? पूल ओलांडला की आलंच. मी वरशाला वळलो नाही. सरळ धाटाववरून कोलाडला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं स्वतःचं वाक्य रस्त्यावर चालवत होतो. साठ गाठले की खड्डा. साठ गाठले की समोर ट्रक. हायवेवर जरा मोकळं मिळालं, मी घड्याळ बघत होतो, अकरा मिनिटं झाली, बारा झाली, आणि ती जागा आली. मी थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. दिवा तसाच होता. मग खिंडीतून परत आलो, पुन्हा पूल, पुन्हा धाटाव, पुन्हा कोलाड. दुसऱ्या खेपेला मी त्या जागेकडे बघितलं नाही. बघितलं नाही म्हणून तुझी माफी मागतो. नागोठणं दिसायला लागलं तेव्हा दिवा विझला. शंभर किलोमीटर गाडी जाळून मी एक दिवा विझवला, आणि गाडीत ते सांगायला कोणी नव्हतं.

पाटीलसाहेब दारात उभे होते. किल्ली घेताना त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ‘तुम्हीच ना ते, दामूशेठचे कंपनीतले?’

‘हो.’

‘लय सांगायचे तुमच्याबद्दल. मी म्हटलं व्हतं त्यांना, कापा ती जाळी, कशाला सारखं पळवता. तर म्हणायचे, थांबा थोडं, कंपनीत माझा माणूस हाय, वही वर गेलीय, पुढच्या गाडीत बदल येणार, तोवर मी उनाडवीन. आदल्या आठवड्यात पण तेच बोलले.’ मग विचारलं, ‘काय म्हणाले मग वर?’

आणि दामू, मी म्हणालो, ‘बघतायत.’

त्यांच्या दारातून रिक्षा न बघता चालत निघालो. पुलावर थांबलो नाही. तुझ्या गॅरेजसमोर माझी गाडी उभी होती. डिकी उघडली, चटई उचलली, स्टेपनी सैल केली. वही तिथेच होती, त्याच प्लास्टिकमध्ये. मी ठरवलं होतं की निदान आता तरी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. तिथेच, डिकीच्या काठावर बसून वाचायला लागलो.

शेवटचं पान तू दिलंस तेव्हा कोरं होतं. मला पक्कं आठवतं, कारण मी त्यावर आमच्या विभागाच्या साहेबांचं नाव लिहायचं ठरवलं होतं. ते आता कोरं नव्हतं. गेल्या दिवाळीत मी गाडी तुझ्याकडे सर्व्हिसिंगला दिली होती आणि आत वहिनींच्या हातचा फराळ खात बसलो होतो. तेव्हाचं असणार. तुझी निळी अक्षरं:

‘विनयची गाडी. पुणे ते रोहा. लांब पळते, दिवा लागत नाय. वही स्टेपनीखाली मिळाली. होती तशी ठेवली. त्याला बोलायचं नाय. देईल तो.’

गाडीत वस्तू लपवली आणि गाडी मेकॅनिकला दिली, असा इंजिनिअर मी.

तुला माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. त्या दिवशी तू हात पुसत आत आलास, माझ्या ताटातली चकली उचललीस आणि म्हणालास, ‘तुझा मागचा एक टायर बदलायला झालाय.’ बाकी काही नाही. त्यानंतर पोपटी झाली, आपण भांडलो, तेव्हाही तुझ्या तोंडून ते निघालं नाही. मी म्हणालो होतो, गॅरेजच्या नजरेने बघू नकोस. त्या नजरेने माझी स्टेपनी बघितली होती. आणि त्यानंतरही दर दोन-तीन रविवारी तू विचारत होतास, ‘वर दिलंस?’ मला वाटायचं तू कंपनीची चौकशी करतोस. तू मला दर वेळी एक संधी देत होतास. मी दर वेळी म्हणत होतो, दिलंय.

आणि पाटीलसाहेबांना, बाकीच्या सगळ्यांना तू सांगत होतास, वही वर गेलीय. आयुष्यात तुला कधी खोटं बोलताना पाहिलं नाही मी. बोललास ते माझ्यासाठी. माझं नाव खाली जाऊ नये म्हणून तू लोकांच्या गाड्या उनाडवत राहिलास, छातीत जळजळत असताना. पिस्टन जरा तिरका झालाय, पुढच्या येळंला सरळ काढीन.

मी वहिनींना सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. शेवटी म्हणाल्या, ‘मना माहीत हाय. त्यांनी सांगितलेलं.’ मग एक खडा बाजूला टाकून, ‘मी म्हटलं होतं त्यांना, विचारा की सरळ. तर बोलले, विचारला तर त्याला तोंड दाखवता येणार नाय, मग तो यायचा बंद होईल.’ आणि पुन्हा तांदूळ.

सोमवारी मी वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. इंग्रजीत केली नाही. प्लास्टिक काढलं, एवढंच. अंगठ्याचा डाग वर येईल अशी ठेवली.

‘हे काय?’ साहेबांनी विचारलं.

‘आपल्या गाड्यांच्या नोंदी आहेत. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दिल्या होत्या, तुमच्याकडे द्यायला. मी दिल्या नाहीत. वापराच्या पुस्तिकेतलं वीस मिनिटांचं वाक्यही माझं आहे, ते चुकीचं आहे.’

साहेब मराठीच आहेत, दामू. हे मी दोन वर्षं सोयीस्कर विसरलो होतो. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि माझ्यासारखेच थांबले. मग चष्मा लावला. मी उभा होतो. शेजारचा तो सहकारी कामासाठी आत आला आणि माझा चेहरा बघून परत गेला. साहेब पानामागून पान वाचत होते, मधूनच एखादं पान मागे उलटून बघत होते. अर्धा तास गेला असेल. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा म्हणतील, ठेवा, बघतो. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. नवी गाडी बदलेल की नाही, शोरूममध्ये कोणी तो प्रश्न विचारील की नाही, याचं वचन मी तुला देणार नाही. माझी वचनं तुला माहीत आहेत.

पण त्यांनी वही मिटली, हात तिच्यावरच ठेवला आणि विचारलं, ‘या माणसाला इथे बोलावता येईल का? सगळ्या टीमसमोर बसवू. कधी येतील ते?’

आज रविवार आहे. फोन समोर ठेवून लिहितो आहे.

वर दिलंस?

दिलंय, दामू.

काय म्हणाले?

तुला बोलावलंय.